नाथाजी हेड्याचं कलम

कुंडलात नाथाजीला एका जागी निवांत बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. तरुणपणी बैलांपायी बसला नाही आणि उतारवयात दुखण्यानं बसू दिलं नाही. "ह्येंच्या पायाला भिंगरी हाय," असं त्याची बायको अंबूबाई लग्नाच्या वर्षापासून म्हणत आली होती. घरचा ऊस भावाच्या गळ्यात घालून हा आपला बाजार करत हिंडायचा. घरी येतो तो फक्त धोतर बदलायला, असं लोक म्हणत. लोक वाढवून सांगतात, पण ह्या बाबतीत फार वाढवत नव्हते.

धंदा हेड्याचा. हेडी म्हणजे बैल विकणाराही नव्हे आणि घेणाराही नव्हे, दोघांच्या मधला माणूस. खिलार जोडीचा भाव चारचौघांत तोंडानं होत नाही. हेडी आपलं उपरणं पसरतो, त्याच्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो, मग विकणाऱ्याचा धरतो, आणि बोटं दाबून दाबून सौदा ठरतो. वर तोंडानं तिघंही पाऊसपाणी, पोराबाळांची लग्नं असलं काहीतरी बोलत असतात. एकदा बोट दाबलं की सौदा झाला. मग त्याला बापसुद्धा मोडू शकत नाही. नाथाजी ह्या कामात वस्ताद होता. समोरचा खरंच घेणार की नुसता चाचपतोय, हे त्याला तळहाताच्या घामावरून कळायचं. "तोंड खोटं बोलतंय, बोट न्हाई," असं तो छाती काढून सांगायचा.

मग एके वर्षी त्याचं बोटच खोटं बोलायला लागलं.

खरसुंडीची पौषातली यात्रा होती. आटपाडीकडचं भाऊसो नावाचं जुनं गिऱ्हाईक, त्याचा हात उपरण्याखाली होता आणि नाथाजीचा अंगठा आपोआप पहिल्या बोटावर फिरायला लागला. दाबायचं नव्हतं तिथं दाबलं गेलं आणि भाव चढला. भाऊसोनं चमकून वर बघितलं, पण सौदा झाला होता. त्यानं मुकाट्यानं जोडी सोडून नेली. चहाच्या पालाखाली मात्र त्याचं तोंड सुटलं. "नाथाजी, हात धरतोयस का दिव्याच्या वाती वळतोयस?" सगळा पाल हसला. नाथाजीही हसला, कारण न हसून सांगतो कुणाला! त्यानं आपली बोटं बघितली. ती खरंच वाती वळत होती.

पुढच्या बाजारापासून त्याच्या उपरण्याखाली हात घालायला लोक टाळाटाळ करू लागले. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं "नाथाजी, तू बस गड्या, च्या पी," असं म्हणून दुसऱ्या हेड्याकडं वळायचे. ज्या माणसाला बसायचं माहीत नाही त्याला बस म्हणणं, ह्यापेक्षा शिवी घातलेली बरी.

मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. डॉक्टर भला माणूस होता, घाईनं बोलायचा पण खरं बोलायचा. गोळ्यांनी फरक पडला, नाही असं नाही. फक्त फरक तासातासाचा होता. गोळी चढली की अंग झुलायला लागायचं, बसल्या जागी माणूस हेलकावे खायचा. उतरली की लाकूड व्हायचं. मधली जी बरी घटका यायची, तेवढ्यात नाथाजी अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून एसटीच्या थांब्यावर जाऊन यायचा. तिथून कुठं जायचं नसायचं. एसटी यायची, जायची, आणि हा परत यायचा.

डॉक्टरांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं की मेंदूतली एक बारकी जागा वाळत जाते, तिथल्या पेशी मरतात, आणि परदेशात त्या जागी नव्या कोवळ्या पेशी लावून बघताहेत. "लावून म्हणजे?" नाथाजीनं विचारलं. "तुमच्या द्राक्षाला कलम करतात ना, तसंच काहीसं समजा," डॉक्टर म्हणाले. "पण हे सगळं अजून कच्चं आहे. कुणाला गुण येतो, कुणाला नाही, आणि का येतो ते त्यांनाही सांगता येत नाही. आपल्याकडं कुणी करतो म्हणाला तर जाऊ नका. थांबा." नाथाजीनं त्यातलं कलम तेवढं घेतलं आणि थांबा तिथंच टेबलावर ठेवून आला.

त्या वर्षांत कुंडल-पलूसच्या बागांत नवीन पद्धत आली होती. रानटी खुंट लावायचे, ते कापायचे आणि त्यात घरच्या चांगल्या वेलाची काडी पाचर करून बसवायची. नाथाजी बांधाबांधानं जाऊन ती कामं बघू लागला. काडी कशी तासतात, पट्टी कशी बांधतात, फूट कधी दिसते. कलम बांधणाऱ्यांना त्यानं विचारून विचारून जेरीला आणलं. ज्याला त्याला सांगायचा, "वाळल्याली जागा हिरवी हुती रं. माणसातबी हुती म्हणं." त्याला आपली बोटं परत हवी होती. दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, भाऊसोचा हात उपरण्याखाली धरून त्याला घाम फोडायचा होता.

आणि सत्त्याण्णव साली आप्पासो आला. आप्पासो आष्ट्याचा, पूर्वीचा त्याचा धंद्यातला जोडीदार. बैलांचा बाजार सोडून त्यानं वडापची, शिटा भरून न्यायची, जीप घेतली होती, आणि जीपमध्ये बसणाऱ्या माणसांकडून जगातल्या सगळ्या बातम्या त्याच्याकडं यायच्या. "नाथा, हद्दीपल्याड एक डॉक्टर हाय. तुजं ते कलम करतोय. चल," तो म्हणाला. शहराचं नाव इथं घेत नाही. त्या डॉक्टरचा दवाखाना आता तिथं नाही, आणि तिथल्या इतर डॉक्टरांना उगाच बोल नको.

दवाखाना चकचकीत होता. भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र होतं. डॉक्टरनं त्यावर काठी टेकवून तीच वाळलेली जागा दाखवली, तेव्हा नाथाजीचा विश्वास पक्का झाला. दोन वेगळी माणसं एकच जागा दाखवतात म्हणजे जागा खरी. मग तो खुर्चीच्या काठावर सरकला आणि आपल्याला ह्यातलं कळतं हे दाखवण्यासाठी म्हणाला, "डॉक्टर, काडी भायरची आणण्यापरीस घरची चालंल का? घरच्या येलाची काडी चांगली धरती."

डॉक्टरनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "आजोबा, घरात कुणाला दिवस गेलेत का?"

"हाय की. सूनबाई हाय," नाथाजी म्हणाला. अभिमानानं म्हणाला, हे सांगायलाच हवं. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

मग डॉक्टरनं समजावून सांगितलं. कोवळ्या पेशी म्हणजे पोटातल्या गर्भाच्या मेंदूतल्या. जो गर्भ काढायचाच असतो त्याच्या. त्या बाहेरून मिळवता येतात, पण घरचं असेल तर उत्तमच, रक्त ओळखीचं असतं. हे शेवटचं कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते त्याचं त्यालाच ठाऊक. आप्पासो छताकडं बघत राहिला. नाथाजीचा हात मांडीवर वाती वळत होता आणि त्याला तो दुसऱ्या हातानंही धरता येईना.

परतीच्या वाटेवर नाथाजीनं जीप दर दोन मैलांवर थांबवायला लावली. उतरायचा, रस्त्याच्या कडेनं चालायचा, परत चढायचा. शेवटी आप्पासोच बोलला. "तू कशापायी जीवाला लावून घेतुयास? दोन पोरी हायत तुज्या सुनंला. ह्या बारीला वैनी तिला तपासून आणनारच हुत्या, मलाच जीप सांगून ठिवलीया. पोरगी निघाली तर ऱ्हातीया व्हय तुज्या घरात? जायाचंच हाय त्ये. वाया जाण्यापरीस तुज्या कामाला आलं तर पाप कसलं त्यात?"

घरात खरोखरच तसं ठरलेलं होतं. पोटातलं पोर मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी करणारा कायदा नुकताच झाला होता. पण आप्पासोच्या ओळखीचा तपासणीचा एक दवाखाना होता, तिथला डॉक्टर तोंडानं काही सांगायचाच नाही. नुसता हसायचा, किंवा हसायचा नाही. बायका त्यावरून काय ते समजून घ्यायच्या. नाथाजीला हे आधीपासून माहीत होतं. त्यानं त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. बायकांचं काम म्हणून सोडून दिलं होतं.

आप्पासोनं अंबूबाईच्या कानावर सगळं घातलं. अंबूबाई दुष्ट बाई नव्हती. पोटचा एकुलता एक पोरगा, कृष्णात, फौजेतल्या नोकरीपायी लांब राजस्थानात, आणि नवऱ्याला सकाळी धोतर नेसवायचं काम तिच्याकडं आलेलं. त्याच्या घशाखाली घास उतरेपर्यंत ती ताटापुढून उठत नसे. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "देवानंच वाट दावली म्हणायची." एवढंच. तिच्या लेखी दोन्ही गाठी एकाच दोरीनं सुटत होत्या. पोरगा असला तर वंशाला दिवा, पोरगी असली तर नवऱ्याचा हात.

त्यानंतर नाथाजीची जी तगमग सुरू झाली ती गोळीच्या हिशोबात बसत नव्हती. बरी घटका नसतानाही तो उठायचा. बागेतल्या कलमांकडं आता त्याला बघवत नव्हतं, तरी पाय तिकडंच जायचे. जेवताना मध्येच उठायचा. दोन्ही नाती अंगणात गजगे खेळत बसलेल्या असायच्या, त्यांच्याजवळून जाताना तो वाट वाकडी करून जायचा. धाकटीनं "आबा" म्हणून धोतर धरलं की त्याला ते सोडवून घेता येईना आणि उभंही राहवेना.

एका सोमवारी तो महादेवाला गेला. घंटा वाजवायला हात वर गेला नाही, तसाच उभा राहिला आणि मनात म्हणाला, "पोरगी दे."

म्हटलं आणि दचकला. त्या घरात आजवर कुणी देवाकडं मुलगी मागितली नव्हती. सुनेनं मागितली नव्हती, अंबूबाईनं मागितली नव्हती. पहिल्यांदा कुणीतरी मागत होतं, आणि ते हा मागत होता, कशासाठी मागत होता तर तिचं डोकं फोडून आपल्या डोक्यात घालायला. नाथाजी पायऱ्या उतरला. खाली चपला होत्या त्या न घालताच घरापर्यंत आला. तो चांगला माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याला ते हवं होतं. रोज सकाळी सदऱ्याचं बटण लागेना की परत हवं व्हायचं, आणि दुपारी नातीचा आवाज ऐकला की नको व्हायचं. माणूस असा दोन्हीकडून ओढला गेला की त्याला बसवत नाही.

ज्या दिवसाची जीप सांगितली होती त्याच्या आदल्या दिवशी संयोगिता गोठ्यात चहा घेऊन आली. सून घरात आल्यापासून सासऱ्याशी समोरासमोर फारसं बोललेली नव्हती, तशी रीतच नव्हती. तिनं कप दगडावर ठेवला, कारण त्याच्या हातात दिला तर सांडतो हे तिला माहीत होतं. आणि गेली नाही.

"मामंजी, आत्याबाईंनी सांगितलंय मला समदं."

नाथाजी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. खरं तर हात आपणच फिरत होता.

"कृष्णात काय म्हणतोय?" त्यानं विचारलं.

"फोन केल्ता त्येनी. म्हणालं, आबा म्हणतील तसं." तिनं कप त्याच्याकडं सरकवला. "मला कुणी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर म्हणाली असती, ठिवायचंय. पोरगी असली तरी ठिवायचंय. पण तुमचा हात बगितला की माजं तोंड उघडत न्हाई. म्हणून तुमीच सांगा. तुमी जा म्हणशिला तर मी उद्या जीपमधी बसती, आणि परत कवा त्याचं नाव काढणार न्हाई."

नाथाजीला वाटलं होतं सगळं आपल्या पाठीमागं, आपल्याला न विचारता होऊन जाईल. तसं झालं असतं तर तो वर्षभर रडला असता आणि बरा झाला असता. पण तिनं तेवढी सोय ठेवली नाही. त्याला तिचा राग आला, खरोखर आला. "बगू," तो म्हणाला. ती कप तिथंच ठेवून गेली.

सकाळी आप्पासोची जीप दारात येऊन भोंगा वाजवू लागली. अंबूबाईनं नवं लुगडं नेसून पिशवी भरली होती. संयोगिता पदर डोक्यावर घेऊन तिच्यामागं उभी होती. नाथाजीही बरोबर जाणार होता, कारण तपासणी झाल्यावर निकाल लागेल तसं परभारे हद्दीपल्याडच्या डॉक्टरकडं दिवस ठरवायला जायचं होतं. तो सगळ्यांच्या पुढं निघाला आणि उंबऱ्यावर थांबला.

उंबऱ्यावर पाय धरणं ह्या दुखण्यात व्हायचंच. सपाटीला चालणारा माणूस दारात आला की जमिनीला चिकटायचा. अंबूबाईला त्यावर उपाय सापडला होता. तिनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि त्याच्या पायापुढं आडवी टाकली. काठी ओलांडायची म्हटलं की पाय उचलायचा, कसा कोण जाणे, पण उचलायचा.

"उचला," ती म्हणाली.

नाथाजीनं काठीकडं बघितलं. आज पाय धरलेले नव्हते. गोळीची बरी घटका होती, अंग मोकळं होतं, वाटलं असतं तर दोन ढांगांत तो जीपमध्ये जाऊन बसला असता. तो दोन्ही हातांनी चौकट धरून दाराच्या मधोमध उभा राहिला. मागं दोन बायका आत अडकल्या. बाहेर आप्पासो भोंगा वाजवत होता.

"आवं, उचला की! उशीर हुतोय."

"निघत न्हाई पाय."

"निघतोय. काठी बगा."

"निघत न्हाई म्हन्लं ना!" एवढा मोठा आवाज त्याच्या तोंडून दोन वर्षांत निघाला नव्हता. निघाला आणि संपला. मग तो हळूहळू खाली बसला, उंबऱ्यावरच, दार भरून बसला. तिन्हीसांजेलाच काय, कधीही उंबऱ्यावर न बसणारा माणूस. "मला कलम नगं," तो म्हणाला. "तपासायचंबी न्हाई. जे हाय त्ये हुंद्या."

अंबूबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं पिशवी खाली आदळली. "मंग हात? तुमचा हात कोण बरा करनार? धोतर मला नेसवायला लागतंय, घास मला भरवायला लागतोय. माजी हाडं किती दिस पुरणार, ह्येचा इचार केलासा?" तिला रडू फुटलं. ह्यात तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही. पुढची सगळी वर्षं तिच्याच अंगावर पडणार होती.

"हात ऱ्हाऊ दे," नाथाजी म्हणाला. ते मात्र पुटपुटल्यासारखं झालं.

ती आतल्या खोलीत निघून गेली. आप्पासो खाली उतरला, दारापर्यंत आला, उंबऱ्यावर बसलेल्या जुन्या जोडीदाराला बघून काय ते समजला. "बरं बाबा," म्हणाला, "तुजा सौदा, तुजी बोटं." आणि जाऊन जीप सुरू केली.

जीप मागं घेतली, चिंचेपाशी वळवली, आणि पलूसच्या रस्त्याला लागली. नाथाजी चौकटीला धरून उठला. इतके दिवस जे हवं आणि नको असं चाललं होतं त्यातलं नको नुकतंच बोलून झालं होतं. आता त्याच्यात उरलं होतं ते नुसतं हवं. त्याला सकाळचं बटण दिसलं. वाती वळणारी बोटं दिसली. उद्याचा, परवाचा, पुढल्या सालचा आपला देह दिसला, भिंतीला टेकवून ठेवलेला. तो काठी ओलांडून अंगणात धावल्यासारखा गेला आणि ओरडला, "आप्पा, थांब! थांब रं!"

दुखण्यानं त्याचा आवाज केव्हाच खोल गेला होता. अंगणात एक कोंबडी होती, तिनंही मान वर केली नाही. जीपची धूळ वर आली आणि खाली बसली.

तो वळला तर मागं संयोगिता उभी होती. तिच्या अंगावर अजून बाहेर जायचं लुगडं होतं. जीपला ऐकू गेलं नसेल, पण तिला गेलं होतं, आणि गेलंय हे तिनं लपवलं नाही. नाथाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हाक पोचली नाही म्हणून त्याच वेळी त्याला सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं. काहीतरी बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

तिनं त्याला बोलू दिलं नाही. ती त्याच्या बाजूनं पुढं गेली, फाटक ओढून घेतलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून त्याच्याकडं तोंड करून उभी राहिली.

"आता परत हाक मारू नगा, मामंजी."

सासऱ्याला असं सांगायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. नाथाजीची बोटं चालूच होती. त्यानं ती धोतराच्या निऱ्यांत खुपसली, आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून दोन पावलं जवळ गेला.

"न्हाई मारत," तो म्हणाला.